पातीतली घोडी

फाल्गुन लागला की माझ्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत मळणीयंत्र येऊन उभं राहतं. दिवसभर ते घरघरतं आणि ज्वारीचा भुसा खिडकीतून, दाराच्या फटीतून थेट माझ्या वरणाच्या पातेल्यापर्यंत येतो. शेजारच्या बाई नाकाला पदर लावून कुरकुरतात. कुरकुरण्यात एरवी मी कुणाला हार जात नाही, तीस वर्षं पोरांना पाढे शिकवून माझा तो स्वभावच झाला आहे. पण या आठ-पंधरा दिवसांत मी गप्प असते. भुशाने घसा बसला, असं लोकांना सांगते. लोकांना ते पटतं.

भुशाचा वास मात्र तोच आहे. कोरडा, गोडसर, नाकात खाजणारा. तो आला की मी सतरा वर्षांची होते, माझ्या मानेवर कुसळं टोचतात आणि एक लालसर अंगाची पोरकट घोडी डोळ्यांची पांढरी कड दाखवत माझ्याकडे बघते.

त्या साली सुगी चांगली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या भागातल्या आठवणी म्हटलं की वाचणारा दुष्काळ गृहीत धरूनच बसतो. मोगलाईतले, म्हणजे निजामाच्या राज्यातले दिवस होते. तहसिलीत उर्दू, चावडीत उर्दू, आणि खळ्यावर आपली मराठी. चुडाव्याच्या स्टेशनापासून दीड कोसावर आमचं गाव. वारा तिकडचा असला की पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीची शिटी ऐकू यायची. कणसं माणसाच्या मुठीएवढी भरली होती. गावात ज्याच्या त्याच्या तोंडावर तेज होतं. आमच्याच घरात काय ते दिवे मालवल्यासारखं झालं होतं.

माझे वडील, अप्पा, जंगम होते. आसपासच्या सात गावांतली लिंगायत घरं त्यांना धरून होती. लेकरू जन्मलं की त्याच्या गळ्यात लिंग बांधायचं, लग्न लावायचं आणि माणूस गेलं की मातीला हजर राहायचं. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. बसवून पुरतात. खड्ड्यात बसवलेल्या त्या देहाच्या मस्तकावर जंगमाने पाय ठेवायचा, मग माती लोटायची, आणि हे सगळं दिवस मावळायच्या आत. म्हणून जंगमाला वाहन लागतं. अप्पांचं म्हातारं तट्टू संक्रांतीच्या आसपास पोटशूळ होऊन गेलं. त्यानंतर पंधरा दिवसांतच अप्पांच्या उजव्या पोटरीतून नारू निघाला.

आता नारू म्हणजे काय हे कुणाला सांगून खरं वाटत नाही. बारवेचं पाणी पिऊन होणारा तो रोग. पायातून दोऱ्यासारखा जंत बाहेर येतो, आणि तो काडीला गुंडाळत रोज बोट-दोन बोटं ओढून काढावा लागतो. घाई करायची नसते. तुटला तर आतला भाग सडतो. अप्पा ती काडी पोटरीला बांधून एका मातीला पायी गेले. परत आले तेव्हा काडी होती, नारू तुटला होता. महिनाभरात पाय गुडघ्यापर्यंत सुजला, घोट्याच्या वर जखम झाली आणि तिच्यातून पू यायला लागला.

घरात आम्ही दोघंच. आई मी नऊ वर्षांची असताना गेली. मी सासरहून परत आलेली. का आले, तो या लेखाचा विषय नाही. भाऊ नाही, काका नाही. अप्पा ओट्यावर पाय लांब करून बसत आणि रस्त्याकडे बघत. कुणी आलं की पायावर धोतर ओढून घेत. सात गावांतून विचारणा सुरू झाली होती की, अप्पांना जमायलंय का, का मानवतकडच्या स्वामींना सांगायचं? विचारणारे भल्या मनाने विचारत. अप्पा प्रत्येकाला एकच सांगत, "येतो की. वाहनाची सोय व्हायलीय."

मला तेव्हा जेवण जात नव्हतं. गावं गेली तर अप्पा जगणार नाहीत, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. खायला काहीतरी मिळालं असतं, भुकेची भीती नव्हती. पण ज्याला कुणी बोलावत नाही असा जंगम होऊन ते बसून राहतील, ही भीती होती, आणि ती सकाळी उठल्यापासून छातीवर बसलेली असायची.

वाहनाची सोय म्हणजे ती घोडी. नदीपलीकडे एका जहागीरदाराच्या तबेल्यात करीमचाचा नावाचे म्हातारे साईस होते. तिथे एक तीन वर्षांची शिंगी, म्हणजे कोवळी घोडी, मोकाट वाढली होती. तिच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. त्याला आसूढाळ म्हणतात. घोडी जन्मभर रडते आणि धन्याला रडवते, अशी समजूत. त्यामुळे तिला कुणी विकत घेईना, आणि जहागीरदार तिच्या अंगाला हात लावू देईना. "ले जाव बेटी," करीमचाचा म्हणाले, "मेरे को तो इसकी आँख में कुछ खोट नहीं दिखती. पन लोगां डरते." अप्पांना मी भोवऱ्याचं सांगितलं तर ते म्हणाले, "आपल्या घरी आणखी काय रडायचं ऱ्हायलंय?" तिचं नाव मी बया ठेवलं, कारण पहिल्याच दिवशी तिने माझ्या दंडाला चावा घेतला.

माणसाचा हात न लागलेलं जनावर काय असतं, ते मला माहीत नव्हतं. म्होरकी घालायला चार दिवस गेले. खुंट्याला बांधली तर दोर ताणून ताणून ती शेवटी आडवी पडली, आणि पडल्यावरही ताणत राहिली. पाठीवर रिकामं पोतं टाकलं तर ते पोतं आणि मी, दोघं शेणाच्या ढिगात. मग मी मीठ तळहातावर घेऊन तिच्यापासून चार हातांवर नुसती बसून राहू लागले. एक प्रहर, दीड प्रहर. मान खाली घालून, तिच्याकडे न बघता. सहाव्या दिवशी तिचे ओठ माझ्या हाताला लागले. मऊ, ओलसर, थरथरणारे. मला रडू फुटलं तशी ती बिचकून पळाली, आणि मी स्वतःलाच दोन शिव्या दिल्या.

कधी कधी वाटतं, तेव्हा आणखी दोन महिने मिळाले असते तर. दोन महिने तसंच मीठ घेऊन बसायचं. वर्गात एखादं पोर भिंतीकडे तोंड करून बसलं की मी त्याच्या शेजारी जाऊन अशीच बसत असे. इन्स्पेक्टर म्हणायचे, बाई, तुमचा अभ्यासक्रम मागे पडतोय. पडू दे म्हणायचं बळ मला तेव्हा होतं. सतराव्या वर्षी नव्हतं. अप्पांच्या पायाचा वास रोज वाढत होता आणि मला घाई झाली होती.

शेजारचे बसप्पाकाका ओट्यावर बसून माझी फजिती बघायचे. मायाळू माणूस. एक दिवस न राहवून म्हणाले, "पोरी, असं मीठ चाटवून कुठं जनावर शिकतंय का? आमी गोऱ्हं कसं शिकवतोत? पातीला बांधतोत. दोन जुन्या बैलांच्या मधी. मळणी होईस्तोवर त्याचं सगळं वारं निघून जातंय."

"काका, ती घोडी हाय."

"चार पायच हायत की तिला! खळं लागलंय मपलं. उद्या आण."

मी आणली. याचा दोष मी काकांना देत नाही. आमच्या गावात शिकवणं म्हणजे तेच होतं. खळ्याच्या मधोमध मेढ रोवलेली, तिच्याभोवती कणसं पसरलेली, आणि एका दोराला शेजारी शेजारी बांधलेली जनावरं ती कणसं तुडवत फिरताहेत. याला पात म्हणतात. गावातलं प्रत्येक गोऱ्हं तिथेच शहाणं झालं होतं. मग घोडीने काय घोडं मारलं होतं?

पहिल्या दिवशी बयाने पात उधळली. दुसऱ्या दिवशी अर्धी उधळली. पण डावीकडे एक थोराड बैल, उजवीकडे दुसरा, तोंडाला मुसकी, आणि काकांचा सुरात चाललेला "हो रं, हो रं". चौथ्या दिवशी ती फिरायला लागली. त्या दिवसांचं सगळं मला आठवतं. बैलांच्या गळ्यातल्या पितळी घाटांचा आवाज, वावडीच्या उंच तिपाईवर उभं राहून वाऱ्यावर धान्य उपणणाऱ्या बायका, घामाला चिकटलेला भुसा, आणि पात फिरते आहे, फिरते आहे, डावीकडे, सदा डावीकडे. आठव्या दिवशी तिला पातीतून सोडून मी खोगीर चढवलं. ती हलली नाही. मी बसले. ती खळ्याभोवती चालली. मी इतक्या जोरात ओरडले की उपणणाऱ्या बायका वावडीवरून खाली उतरल्या.

संध्याकाळी काकांनी आणि मी अप्पांना धरून वर बसवलं. आजारी पाय मी हाताने उचलून पलीकडे टाकला. अप्पांचा ओठ दाताखाली गेला, पण एकदा बसल्यावर त्यांची पाठ ताठ झाली. महिन्यानंतर प्रथमच ते कुणापेक्षा तरी उंच होते. बया त्यांना घेऊन खळ्याला फेऱ्या घालत राहिली आणि ते वरून म्हणाले, "गिरजे, कुणालाबी सांग आता. म्हणावं अप्पा यायलेत." त्या रात्री मी पोटभर जेवले. त्या जेवणाची मला आजही लाज वाटते.

चौथ्याच दिवशी सकाळी बोलावणं आलं. दोन कोसांवरच्या गावातले काशिनाथअप्पा गेले होते. अप्पांचे बालमित्र, मपल्या मातीला तूच यायचं, असं त्यांनी अप्पांकडून वदवून घेतलेलं. सांगायला आलेला माणूस निरोप देऊन तसाच पुढच्या गावी पाहुण्यांना कळवायला गेला. आभाळ भरून आलेलं. फाल्गुनातलं आभाळ म्हणजे गारा, आणि सगळ्यांची कणसं खळ्यावर उघडी. गावातला एक गडी, एक बैल, एक गाडी मोकळी नव्हती. आम्हाला तरी गाडी कशाला हवी होती? आमच्याकडे घोडी होती.

पांदीतून बया छान चालली. दोन्ही बाजूंना बाभळीचं कुंपण, मधून अरुंद वाट. मी लगाम धरून पुढे, अप्पा वर, कपाळाला विभूतीचे पट्टे, अंगावर धुतलेली भगवी शाल. मग पांद संपली आणि ज्वारी काढलेलं सपाट रान लागलं.

बया डावीकडे वळली. मला वाटलं, काही दिसलं असेल. मी ओढून सरळ केली. चार पावलं गेली आणि पुन्हा डावीकडे. मी ओढत होते, ती वळत होती, आणि बघता बघता तिने त्या रानात एक गोल पुरा केला. मग दुसरा. तिसऱ्या गोलाला मला कळलं. ती बिथरली नव्हती, अडलीही नव्हती. आम्ही जे शिकवलं होतं तेच ती इमानाने करत होती. मोकळी जागा दिसली की फिरायचं. चालणं म्हणजे फिरणं, एवढंच आम्ही तिला सांगितलं होतं.

मी काय काय केलं ते लिहायला हात धजत नाही. डोळ्यांवर पदर बांधला. मीठ नव्हतं, मातीच हातावर घेऊन पुढे धरली. पाया पडले तिच्या. मग बाभळीची फोक मोडली आणि तिला मारलं. मानेवर, तोंडावर, त्या भोवऱ्यावर. काटे होते फोकेला. तिने मान वर केली नाही, चावली नाही. महिन्यापूर्वी चावली असती. ती फक्त डोळे मिटून डावीकडे वळत राहिली.

"गिरजे, बस कर." अप्पा वरून म्हणाले. "तिला कामून मारतीस? तिची काय चूक हाय?"

"अप्पा, मी पळत जाते पुढं. चार गडी आणते. बाजेवर घालून नेतील तुमाला."

"बाजेवर?" त्यांचा आवाज एकदम चढला. "बाजेवर उचलून आणलेल्या जंगमाला पुन्हा कोण बोलावंल? उतरव मला."

मी उतरवलं. डाव्या हाताने त्यांनी बयाची आयाळ धरली, उजव्या हातात काठी घेतली आणि एक पाऊल टाकलं. मी दुसऱ्या बाजूला गेले, तिला खेटून. बया चालली. सरळ चालली. दोन्ही अंगाला सोबत होती, तिच्या लेखी पात पुरी झाली होती. आम्ही वळलो असतो तर वळली असती; आम्ही सरळ जात होतो म्हणून ती सरळ. पाठीवरचं खोगीर रिकामं, आणि ज्याच्यासाठी ते घातलं तो माणूस तिच्याशेजारी सडका पाय टेकत चाललेला. उरलेला सव्वा कोस आम्ही असे गेलो. बयाच्या पलीकडून मला फक्त अप्पांचा श्वास ऐकू येत होता, आणि मी देवाला नाही नाही ते बोलत होते.

पोहोचलो तेव्हा दिवस हातभर वर होता. खड्डा तयार होता, काशिनाथअप्पांना बसवलेलं होतं, माणसं आमच्याच वाटेकडे बघत होती. सगळे मंत्र अप्पांनी खणखणीत म्हटले. मग पाय ठेवायची वेळ आली. पू वाहणारा पाय मित्राच्या डोक्यावर ते ठेवणार नव्हते. म्हणजे चांगला पाय उचलायचा आणि आजारी पायावर उभं राहायचं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि डावा पाय उचलला. त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली. जखमेवर बांधलेली चिंधी लाल झाली, मग तिच्यातून रक्त मातीवर ठिबकायला लागलं, आणि भोवतीची चाळीस-पन्नास माणसं ते बघत होती. अप्पा पडले नाहीत. सगळा विधी होईपर्यंत ते त्या पायावर उभे राहिले. मला वाटलं, जिंकलो आपण.

गारा पडल्याच नाहीत. आभाळ आलं तसं निघून गेलं.

परत येताना त्या गावकऱ्यांनी हट्टाने गाडी जोडली. अप्पा गाडीत, बया मागे बांधलेली. पुढच्या महिन्यात शेजारच्या गावात एक म्हातारी गेल्याचं आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. मातीला मानवतकडचे स्वामी आले होते. तिचा मुलगा ज्वारीचं पोतं घेऊन आमच्या ओट्यावर आला, अप्पांच्या पाया पडला आणि म्हणाला, "अप्पा, राग धरू नका. त्या दिशी काशिनाथअप्पाच्या मातीला आमी बगितलं तुमाला. तुमाला आता तरास द्यायचा न्हाई, असं सगळ्यांनी ठरवलंय."

सगळ्यांनी. सातही गावांनी. कुणी वाईट वागलं नाही हो, हेच तर आहे. त्या वर्षी सुगीचं धान्य दरवर्षीपेक्षा जास्त आलं. पोत्यांनी ओसरी भरली. बोलावणं मात्र आलं नाही.

मी करीमचाचांकडे गेले. त्यांनी तिच्या तोंडावरचे वण एकेक करून बोटाने चाचपले. मग म्हणाले, "तुम जो सिखाए, वोइच सीखी बेटी. अब भुलाव." भुलवायला पावसाळा सरेपर्यंतचे दिवस गेले. रोज मोकळ्या रानात न्यायची, एक पाऊल सरळ, थांबायचं, मीठ. दोन पावलं सरळ, थांबायचं, मीठ. आता घाई कसलीच नव्हती. श्रावणात ती उजवीकडे वळली. दसऱ्यापर्यंत आमच्या भागात तिच्यासारखी चालणारी घोडी नव्हती.

अप्पा रोज सकाळी आंघोळ करून, विभूती लावून, भगवी शाल पांघरून ओट्यावर बसायचे. "गिरजे, खोगीर घाल." मी घालायची. ऊन डोक्यावर आलं की माझ्याकडे न बघता म्हणायचे, "सोड तिला." दोन वर्षं मी रोज तो पट्टा आवळला आणि रोज सोडला. आज राहू द्या, असं म्हणायचं धाडस मला एकदाही झालं नाही.

तिसऱ्या सुगीत अप्पा गेले. सकाळी गेले, खोगीर घालून झाल्यावर. त्यांच्या मातीला जंगम लागणार होता, आणि गावातल्या साऱ्या गाड्या पुन्हा खळ्यावर होत्या. मानवतकडचे स्वामी त्या दिवशी जवळच, काशिनाथअप्पांच्याच गावी उतरल्याचं कळलं. मीच बयाला घेऊन निघाले. येताना स्वामी वर बसलेले, मी लगाम धरून पुढे. ते सपाट रान आलं. बयाचे कान एकदा हलले. माझा हात लगामावर ढिला पडला. मी तो मुद्दाम सोडला, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे. वळ ग, बया. आज वळ. दिवस मावळेपर्यंत फिरत राहा, माझ्या अप्पांच्या डोक्यावर याचा पाय नको.

स्वामी वरून कौतुकाने म्हणाले, "घोडी लय शहाणी हाय. कोणी शिकवली?"

"मी," मी म्हणाले. ती सरळ आमच्या दारापर्यंत चालत गेली.